अँजिओटेन्सिन-२ चेतातंतूच्या टोकावर काम करतं की स्नायूवर? ऑर्गन बाथमध्ये वेगळं कसं दाखवायचं?

मृण्मयी_बडोदा

सर्वांना नमस्कार. बडोद्यात एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी रॅटच्या व्हास डेफरन्सवर (शुक्रवाहिनीवर) फील्ड स्टिम्युलेशन, म्हणजे इलेक्ट्रोडमधून विजेची स्पंदनं देऊन दोन पेप्टाइड तपासायची आहेत: अँजिओटेन्सिन-२ आणि न्यूरोपेप्टाइड वाय. प्राण्यांच्या नैतिकता समितीची मंजुरी आली आहे. बाथ (ऊती जिवंत ठेवण्याचं द्रावणपात्र) २० मिलीचा आहे, प्रत्येक पेप्टाइडची १ मिलिग्रॅमची एकच कुपी आहे, त्यामुळे वाया घालवायला काही नाही.

अडचणी तीन आहेत. पाठ्यपुस्तकात "पेप्टाइड हार्मोन सिम्पथेटिक संदेशवहनाचे नियमन करतात" एवढंच वाक्य असतं. नेमकं कुठे आणि कसं, ते हवं आहे. दुसरं, ट्विच (स्पंदनामागचं स्नायूचं छोटं आकुंचन) वाढला तर तो चेतातंतूतून जास्त नॉरॲड्रेनॅलिन (सिम्पथेटिक तंतूंचा संदेशवाहक) सुटल्यामुळे वाढला की स्नायूच जास्त संवेदनशील झाला, हे कसं सिद्ध करायचं? तिसरं, पेप्टाइडचा साठा कसा बनवायचा आणि सांभाळायचा?

दांडियाबझार_न्यूरो

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीचं बाथवर रोज काम करणाऱ्यांनी सांगावं.

ही पेप्टाइड बहुतेक वेळा स्वतः निरोप नेत नाहीत. जाणारा निरोप किती जोरात पोहोचेल, ते बदलतात. म्हणून तंतू शांत असताना त्यांचा परिणाम फारसा दिसत नाही, तंतू चालू झाला की दिसतो. तुमच्या प्रयोगाची मांडणी याच गोष्टीवर उभी राहणार आहे.

अँजिओटेन्सिन-२ हे ८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. सिम्पथेटिक तंतूच्या टोकावर त्याचे एटी-१ रिसेप्टर असतात. ते पेशीतल्या जीक्यू प्रथिनाला जोडलेले आहेत, त्यामुळे फॉस्फोलायपेज-सी, पुढे प्रोटीन कायनेज-सी, आणि प्रत्येक स्पंदनामागे सुटणारं नॉरॲड्रेनॅलिन वाढतं. न्यूरोपेप्टाइड वाय ३६ अमिनो आम्लांचं. तातेमोतो यांनी १९८२ मध्ये वेगळं केलं. टोकावरचा त्याचा रिसेप्टर वाय-२. तो जीआय/ओ मार्गाने जातो, बीटा-गॅमा उपघटक एन-प्रकारच्या कॅल्शियम चॅनलला आवरतात, कॅल्शियम कमी आत येतं आणि सुटणं कमी होतं. थोडक्यात, तुमची दोन्ही पेप्टाइड एकाच टोकावर बसून उलट दिशांना काम करतात. निवड उत्तम आहे.

पण टोक ही एकच जागा नाही. गँग्लिऑनमध्ये (चेतापेशींच्या गाठीत) खरी गंमत एम-करंटची आहे. हा पोटॅशियमचा प्रवाह विश्रांतीच्या व्होल्टेजच्या आसपासच उघडलेला असतो आणि चेतापेशीला सलग स्पंदनं देण्यापासून रोखतो. ब्राउन आणि ॲडम्स यांनी १९८० मध्ये बेडकाच्या सिम्पथेटिक पेशींत तो दाखवला. चॅनल केसीएनक्यू-२ आणि ३ चं आहे, हे १९९८ मध्ये कळलं. मस्करिनिक रिसेप्टर असो, बेडकातलं जीएनआरएच हे पेप्टाइड असो, की रॅटच्या सुपिरियर सर्व्हायकल गँग्लिऑनमधले अँजिओटेन्सिन आणि ब्रॅडिकायनिन असोत, सगळे जीक्यूच्या वाटेने हा प्रवाह दाबतात. परिणाम असा की, ज्या पेशीने त्याच उत्तेजनाला एक स्पंदन दिलं असतं ती आता मालिका देते. पेशीला नवीन आज्ञा कोणी दिलेली नसते.

तिसरी जागा मेंदू. पेप्टाइड रक्त-मेंदू अडसर सहसा ओलांडत नाहीत, पण एरिया पोस्ट्रेमासारख्या भागांत तो अडसरच नाही. रक्तातलं अँजिओटेन्सिन तिथे पोहोचतं आणि बॅरोरिफ्लेक्स (रक्तदाब चढला की नाडी मंदावणारी प्रतिक्षिप्त क्रिया) बोथट करतं. व्हॅसोप्रेसिनही त्याच भागातून काम करतं आणि बॅरोरिफ्लेक्स धारदार करतं. दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करणारी हार्मोन, पण रिफ्लेक्सवर परिणाम उलट. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, कारण रक्तदाबाचा आकडा पाहून ते थांबतात आणि नाडी पाहत नाहीत.

चौथी जागा म्हणजे अॅड्रिनल मेड्युला आणि पाचवी लक्ष्य-अवयव स्वतः, म्हणजे तुमच्या प्रयोगात स्नायू. ही पाचवीच तुम्हाला त्रास देणार आहे.

सयाजीगंज_ऑर्गनबाथ

मृण्मयी, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो. आधी पेप्टाइड, कारण निम्मे प्रयोग तिथेच बिघडतात.

कुपीवर १ मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी ते सगळं पेप्टाइड नसतं. ट्रायफ्लुरोॲसिटेट किंवा ॲसिटेट आणि पाणी धरून ते वजन असतं. सोबतच्या प्रमाणपत्रात निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण दिलेलं असतं, बऱ्याचदा ७० ते ८० टक्के. समजा ७५ टक्के आहे. अँजिओटेन्सिन-२ चा रेणुभार १०४६, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅममध्ये सुमारे ०.७२ मायक्रोमोल. १ मिलिमोलर साठा हवा तर १ मिली नव्हे, साधारण ७१७ मायक्रोलिटर पाणी. न्यूरोपेप्टाइड वाय चारपट जड आहे, रेणुभार ४२५० च्या पुढे. तिथे त्याच वजनात मोल चौथा हिस्सा. दोघांचे "१ मायक्रोग्रॅम प्रति मिली" असे आलेख एकमेकांवर ठेवू नका, मोलरमध्येच बोला.

कुपी उघडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग हलकी सेंट्रिफ्यूज करा. पावडर झाकणाला चिकटलेली असते, दिसतही नाही. साठा १० ते २० मायक्रोलिटरच्या छोट्या हिश्श्यांत वाटून उणे ८० ला, नसेल तर उणे २० ला. एक हिस्सा एकदाच वितळवायचा. उरलेला परत गोठवायचा नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज टाळा, त्यात तापमान वरखाली होत राहतं.

नॅनोमोलरमध्ये आल्यावर पेप्टाइड काच आणि प्लास्टिकला चिकटतं. म्हणून पातळ द्रावणं ०.१ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घातलेल्या सलाईनमध्ये, पॉलिप्रॉपिलीनच्या लो-बाइंडिंग नळ्यांत, बर्फावर. तेवढंच अल्ब्युमिन असलेलं नुसतं सलाईन कंट्रोल म्हणून द्यायचंच. २० मिलीच्या बाथमध्ये १० नॅनोमोलर हवं तर १० मायक्रोमोलर द्रावणाचे २० मायक्रोलिटर.

आता क्रेब्स, म्हणजे बाथमध्ये भरायचं क्षारद्रावण. लिटरमागे ग्रॅममध्ये: सोडियम क्लोराइड ६.९, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२९, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.०, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.३७. कॅल्शियम सर्वांत शेवटी, तेही ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड १०-१५ मिनिटं सोडून झाल्यावर. आधी घातलं तर द्रावण दुधाळ होतं. दुधाळ झालेलं गाळून वापरू नका, त्यातलं कॅल्शियम किती उरलं ते कळत नाही आणि तंतूतून सुटणारं प्रमाण कॅल्शियमवरच अवलंबून आहे. फेकून द्या. चाचणीचा पीएच ७.४.

बाथ ३७ अंशांवर. बडोद्यात मे महिन्यात एसी नसलेली खोलीच ४० च्या वर जाते. थर्मोस्टॅट पाणी तापवतो, थंड करत नाही. तेव्हा प्रयोग सकाळी लवकर उरका आणि थर्मामीटर बाथच्या आत ठेवा, सर्क्युलेटरवरचा आकडा पाहून विसंबू नका. तापमान वाढलं की ट्विचची उंची आपोआप बदलते आणि ती पेप्टाइडच्या खात्यावर जमा होते.

टिश्यू: प्रत्येक व्हास मधोमध कापा. प्रोस्टेटकडच्या भागात ट्विचचा मोठा वाटा एटीपीचा (तंतूतून सुटणारा दुसरा संदेशवाहक), एपिडिडिमिसकडच्या भागात नॉरॲड्रेनॅलिनचा. एका प्राण्याच्या दोन व्हासमधून चार तुकडे निघतात, तेव्हा कमी प्राण्यांत काम होतं. ताण ०.५ ते १ ग्रॅम, ४५ ते ६० मिनिटं स्थिर होऊ द्या, दर १५ मिनिटांनी द्रावण बदला.

उत्तेजन: प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, दर १० सेकंदांनी एक स्पंदन, रुंदी ०.५ मिलिसेकंद. व्होल्टेज वाढवत जा. ट्विच वाढायचा थांबला की त्याच्या २०-२५ टक्के वर ठेवा. मग हा ट्विच चेतातंतूतूनच येतोय याची खात्री करा: चेतातंतूची स्पंदनं बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन ०.३ मायक्रोमोलर. ते मिळत नसेल तर ग्वानेथिडीन १० मायक्रोमोलर. सिम्पथेटिक टोकातून सुटणं थांबतं. त्यानंतरही उंची राहिली तर स्नायूला थेट विजेचा धक्का बसतोय. स्पंदनाची रुंदी कमी करा. ही खात्री न करता पुढचं काहीही मोजलं तरी परीक्षक पहिल्याच प्रश्नात अडवतील.

नंतर पेप्टाइड. १ नॅनोमोलरपासून सुरुवात, एका डोसनंतर ३ ते ५ मिनिटं ट्विच पाहा, तीन वेळा धुवा, पुढच्या डोसआधी किमान ३० मिनिटं. अँजिओटेन्सिनला टॅकिफायलॅक्सिस (पुन्हा पुन्हा दिल्यावर प्रतिसाद घटणं) फार लवकर येतो. लागोपाठ वाढत्या मात्रा घातल्या तर आलेख मधेच सपाट होतो आणि तो कमाल प्रतिसाद समजला जातो. एका तुकड्याला काहीही न देता फक्त ट्विच चालू ठेवा, वेळेनुसार होणारी घट तोच सांगेल.

तुषार_रावपुरा

एक शंका. पेप्टाइड मोठ्या दाट कणिकांत साठवलेली असतात आणि ती सुटायला वेगवान उत्तेजनाची मालिका लागते, असं शिकलो आहोत. मग १० सेकंदांना एका स्पंदनावर पेप्टाइडचा परिणाम दिसेलच कसा? आणि गँग्लिऑनमध्ये तर त्यांचा प्रतिसाद मिनिटांचा असतो.

दांडियाबझार_न्यूरो

तुषार, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही म्हणता ते तंतूने स्वतः सोडलेल्या पेप्टाइडबद्दल आहे. मृण्मयी पेप्टाइड बाहेरून बाथमध्ये घालते आहे, म्हणजे रक्तातून आलेल्या हार्मोनची भूमिका ती स्वतः देते आहे. रिसेप्टर आधीच व्यापलेला असला की मंद स्पंदनावरही परिणाम दिसतो. उलट मंद स्पंदनच इथे हवं, कारण टोकाची स्वतःची, अल्फा-२ रिसेप्टरमार्फत आवर घालणारी व्यवस्था वेगवान मालिकेत जागी होते आणि सगळं गुंतागुंतीचं होतं.

तुमच्या मुद्द्याची सर्वांत देखणी उदाहरणं दुसरीकडे आहेत. पहिलं मांजराची सबमँडिब्युलर ग्रंथी. हायडेनहाइन यांनी १८७२ मध्येच पाहिलं की कोर्डा टिंपनी ही तिची चेता उत्तेजित केल्यावर ॲट्रोपीनने लाळ थांबते, पण रक्तवाहिन्या रुंदावणं थांबत नाही. जवळपास शंभर वर्षांनी कारण सापडलं: त्याच तंतूंत ॲसिटिलकोलीनबरोबर व्हीआयपी हे रक्तवाहिन्या रुंदावणारं पेप्टाइड असतं. मंद स्पंदनांवर मुख्यतः ॲसिटिलकोलीन, वेगवान मालिकेत व्हीआयपी. ॲट्रोपीन त्याला हात लावत नाही.

दुसरं बेडकाचं गँग्लिऑन. जान दांपत्य आणि कुफ्लर यांनी १९७९ मध्ये दाखवलं की जलद उत्तेजक विभव काही दहा मिलिसेकंदांत संपतो, मस्करिनिकचा संथ विभव काही सेकंद ते मिनिटभर चालतो आणि जीएनआरएचसारख्या पेप्टाइडचा अतिसंथ विभव ५ ते १० मिनिटं टिकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पेप्टाइड ज्या पेशींवर सायनॅप्स आहे तिथेच थांबत नाही. ज्या बी-पेशींवर त्या तंतूंचे सायनॅप्स नाहीत तिथपर्यंत पसरतं आणि त्याही प्रतिसाद देतात. सायनॅप्स कुठे आहे त्यावरून परिणाम कुठे होईल हे ठरवता येत नाही.

तिसरं हृदय. जोरदार सिम्पथेटिक उत्तेजनानंतर व्हेगसचा नाडी मंदावणारा परिणाम बराच वेळ क्षीण राहतो, कारण सिम्पथेटिक तंतूतून सुटलेलं न्यूरोपेप्टाइड वाय शेजारच्या व्हेगस तंतूच्या टोकावरच्या वाय-२ रिसेप्टरवर बसतं आणि ॲसिटिलकोलीन सुटणं कमी करतं. बीटा ब्लॉकरने हा भाग जात नाही, कारण तिथे बीटा रिसेप्टरचा संबंधच नाही.

क्लिनिक_मांडवी

मृण्मयी, प्रबंधात "रुग्णोपयोगी महत्त्व" लिहायला लागलं की हे ध्यानात ठेवा.

निरोगी माणसाच्या रक्तात अँजिओटेन्सिन-२ साधारण दहा-वीस पिकोमोलरच्या घरात असतं. तुमच्या बाथमध्ये १० नॅनोमोलर, म्हणजे पाचशे ते हजारपट. त्यामुळे बाथमध्ये दिसलं म्हणून शरीरात टोकावर हेच घडतं असं लिहू नका. बचाव असा आहे की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि इतर ऊतींत अँजिओटेन्सिन जागेवरच तयार होतं आणि टोकाजवळचं प्रमाण रक्तापेक्षा बरंच जास्त असू शकतं. तो मुद्दा मांडा, पण मांडताना "असू शकतं" हेच क्रियापद ठेवा.

खाटेवरचा पुरावा मात्र सोपा आहे. रक्तवाहिन्या थेट सैलावणाऱ्या हायड्रॅलाझीनने रक्तदाब उतरला की नाडी धावते. अँजिओटेन्सिनला रोखणाऱ्या एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनने तेवढाच उतरला तरी नाडी फारशी धावत नाही, कारण टोकावरचं आणि मेंदूतलं अँजिओटेन्सिनचं प्रोत्साहन त्याच वेळी निघून जातं.

व्हॅसोप्रेसिनचं उलट. स्वायत्त चेतासंस्था शाबूत असेल तर त्याने रक्तदाब अपेक्षेपेक्षा कमी चढतो, नाडी आणि हृदयाचा पुरवठा खाली येतो. स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णात तीच मात्रा रक्तदाब भयंकर चढवते. अशा रुग्णाला ठरलेली मात्रा देताना हात जपून चालवावा.

इन्सुलिनचंही असंच. त्याने स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आणि निरोगी माणसात त्याच वेळी सिम्पथेटिक क्रिया वाढून रक्तदाब सावरला जातो. मधुमेहातल्या ऑटोनॉमिक न्यूरोपॅथीत हा सावरणारा हात नसतो, म्हणून इन्सुलिननंतर उभं राहिल्यावर चक्कर येते. तिथे साखर तपासून ती नॉर्मल निघाली की प्रकरण मिटवू नये. झोपून आणि उभं राहून ३ मिनिटांनी रक्तदाब घ्यावा. जेवणानंतर रक्तदाब पडणाऱ्यांसाठी ऑक्ट्रिओटाइड २५ ते ५० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, जेवणाआधी, हा उपाय वापरात आहे. तेही पेप्टाइडच, मूळ सोमॅटोस्टॅटिन रक्तात १ ते ३ मिनिटांत निम्मं होतं, याला निम्मं व्हायला तास-दीड तास लागतो.

मधुमेह आणि वजनासाठीची सेमाग्लुटाइड गटातली औषधं आता सगळीकडे आहेत. त्यांनी नाडी सरासरी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते आणि जठर उशिरा रिकामं होतं. हृदयगतीच्या चढउताराची चाचणी करणाऱ्यांनी ते औषध चालू आहे का, हे विचारल्याशिवाय "व्हेगस कमजोर" असा शेरा देऊ नये.

मृण्मयी_बडोदा

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. एक खुलासा हवा आहे. टोक की स्नायू हे पाहायला विजेऐवजी बाहेरून नॉरॲड्रेनॅलिन दिलं, तर अँजिओटेन्सिनसोबत त्याचा प्रतिसादही थोडा वाढलेला दिसतो. मग टोकावरचा परिणाम सिद्ध होत नाही असं मानायचं का? शिवाय २० हर्ट्झच्या मालिकेवर तर वाढच दिसत नाही.

सयाजीगंज_ऑर्गनबाथ

तसं मानायची घाई नको. आधी पाहा, बाहेरून दिलेल्या नॉरॲड्रेनॅलिनची उंची ट्विचएवढी होती का. दोन वेगळ्या उंचीच्या प्रतिसादांतली टक्केवारी तुलना करण्याजोगी नसते: छोट्या आकुंचनाला वाढायला जागा असते, मोठ्याला नसते. ट्विचच्या उंचीला जुळणारी मात्रा शोधा आणि मग तुलना करा. प्रोस्टेटकडच्या तुकड्यात नॉरॲड्रेनॅलिन हा योग्य कंट्रोलच नाही, तिथला ट्विच एटीपीचा. तिथे एटीपीसारखं काम करणारं अल्फा-बीटा-मिथिलीन एटीपी द्या, पण त्याचा पी२एक्स-१ रिसेप्टर लगेच सुन्न होतो, म्हणून एका तुकड्याला एकच मात्रा.

दुसरा रस्ता: अँजिओटेन्सिन नॉरॲड्रेनॅलिन परत आत घेणंही थोडं अडवतं. बाहेरून दिलेलं नॉरॲड्रेनॅलिन जास्त वेळ टिकलं तर त्याचा प्रतिसाद स्नायू न बदलताही वाढतो. परत घेणं अडवणारं डेसिप्रामीन ०.१ मायक्रोमोलर आधीपासून ठेवून तोच प्रयोग करा. वाढ गेली तर दोष परत घेण्याचा होता. राहिली तर स्नायूचा वाटा खरा आहे आणि तो तसाच मांडायचा. दोन्ही ठिकाणी परिणाम असणं यात लाज काही नाही, प्रमाण सांगता आलं पाहिजे.

२० हर्ट्झचं कारण वर आलंच आहे. मालिकेत सुटलेलं नॉरॲड्रेनॅलिन अल्फा-२ वरून स्वतःलाच आवरतं, आणि आकुंचनही कमालीजवळ पोहोचलेलं असतं. अल्फा-२ अडवणारं योहिम्बीन ०.१ ते ०.३ मायक्रोमोलर घालून मालिका छोटी करा, १० स्पंदनं पुरे. त्याहून जास्त योहिम्बीन नको, ते अल्फा-१ वर सांडतं आणि एपिडिडिमिसकडचा ट्विचच खाली येतो.

एटी-१ अडवणारं लोसार्टन १ मायक्रोमोलर २० मिनिटं आधी देऊन वाढ पूर्ण नाहीशी झाली पाहिजे. अर्धीच गेली तर आधी लोसार्टनचं द्रावण ताजं आहे का ते पाहा, नंतरच दुसऱ्या रिसेप्टरचा विचार करा. आणि एकाच तुकड्यावर लोसार्टनआधी आणि नंतर अँजिओटेन्सिन देऊ नका. दुसरा प्रतिसाद टॅकिफायलॅक्सिसनेही लहान होईल. प्राण्याच्या डाव्या व्हासचा तुकडा लोसार्टनविना, उजव्याचा तोच भाग लोसार्टनसह, आणि पुढच्या प्राण्यात बाजू बदलून.

थेट पुरावा म्हणजे सुटलेलं नॉरॲड्रेनॅलिन मोजणं. इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर असलेलं एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर बाथचं द्रव गोळा करा. २० मिलीमध्ये ते इतकं पातळ होतं की हाती काही लागत नाही, म्हणून १-२ मिलीच्या छोट्या चेंबरमध्ये, डेसिप्रामीन ठेवून, उत्तेजनाआधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने घ्या. नमुना घेतल्या क्षणी परक्लोरिक आम्ल ०.१ मोलर आणि थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट असलेल्या, बर्फावर ठेवलेल्या नळीत टाका. बायकार्बोनेटमुळे आम्ल टाकताच फेस येतो, तेव्हा नळी तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका आणि झाकण लगेच घट्ट करू नका.